कस्टमरची फाईल कॅममध्ये उघडेना? कन्व्हर्टर शोधायच्या आधी हे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जालन्यात शेड टाकून एका पोरानं व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन) लावलीय, कॅम सॉफ्टवेअर (मॉडेलवरून मशीनचा प्रोग्रॅम काढणारं) जुन्या व्हर्जनचं आहे. वाळूजच्या कस्टमरनं फिक्स्चर प्लेटची सॉलिडवर्क्सची फाईल पाठवली, २०० बाय १५० बाय २५ ची ॲल्युमिनियम प्लेट, मधी २५ एच७ चं बोअर (एच७ म्हणजे मापातली ठरलेली बारीक सूट), दोन १० एच७ डॉवेल होल (पिन बसवायची) आणि आठ एम८ टॅपिंग (८ एमएमच्या आट्यांची होल). फाईल उघडेना म्हणून त्यानं ती कुठल्यातरी फुकट वेबसाइटवर टाकून स्टेप (बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये चालणारा सामाईक फॉरमॅट) करून घेतली. आता स्टेप उघडती, पण बोअरवर त्रिकोणच त्रिकोण दिसायलेत, ड्रिलिंगला सॉफ्टवेअर होल पकडत नाही आणि प्लेटची लांबी ५०८० दाखवायलंय. म्हणतो भाऊ, एखादा चांगला कन्व्हर्टर सांगा.

कन्व्हर्टर सांगतो, पण खाली. आधी हे समजून घे की तुझ्या तिन्ही तक्रारी एकाच गोष्टीमुळं आहेत. त्या वेबसाइटनं तुझी फाईल आधी एसटीएल केली आणि मग त्या एसटीएलला वरून स्टेपचं कव्हर चढवून दिलं. एसटीएल म्हणजे नुसते सपाट त्रिकोण. १९८७ मध्ये थ्रीडी सिस्टिम्स कंपनीनं थ्रीडी प्रिंटिंगसाठी काढलेला फॉरमॅट आहे तो, त्याच्यात गोल नाही, बोअर नाही, सेंटर नाही आणि एमएम का इंच हे पण लिहिलेलं नसतं. २०० ला २५.४ नं गुणलं की ५०८० येतं, म्हणजे कुणीतरी मधी एमएमचा आकडा इंच समजून वाचला. आणि एकदा त्रिकोण झाले की मागं जाता येत नाही, रस काढलेल्या चिपाडाचा परत ऊस होत नसतो. कुठलंही महागडं सॉफ्टवेअर आणलं तरी ते फार तर अंदाजानं गोल बसवून देईल, आणि एच७ च्या बोअरला अंदाज चालत नाही.

त्रिकोणानं किती फरक पडतो ते आकड्यात बघ. तुझ्या २५ च्या बोअरची, म्हणजे आर१२.५ ची, गोलाई जर १० अंशाच्या तुकड्यांनी बनवली असंल तर प्रत्येक तुकड्याच्या मधोमध साधारण ०.०४८ एमएम चूक राहती. आता एच७ मध्ये २५ च्या बोअरला पूर्ण टॉलरन्स ०.०२१ असतो. म्हणजे मशीन कितीही चांगली असू दे, बॅकलॅश (स्क्रूमधली ढिलाई) काढलेला असू दे, फाईलमधीच त्याच्या दुपटीहून जास्त चूक भरलेली आहे. वरून टूलपाथ (टूल फिरायचा रस्ता) निघतो तो सगळा जी०१ च्या, म्हणजे सरळ रेषेच्या, बारीक बारीक लाइनींचा, गोलाईच्या जी०२ जी०३ चा एक ब्लॉक नाही, प्रोग्रॅम फुगतो आणि जुन्या फनुक कंट्रोलरची मेमरी कमी असंल तर डीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवरून प्रोग्रॅम तुकड्यातुकड्यानं मशीनला पाठवणं, लावून बसावं लागतं. फिनिश पण पैलू पाडल्यासारखं येतं.

आता मूळ गोष्ट. एका सॉफ्टवेअरची फाईल दुसऱ्यात कामून उघडत नाही? प्रत्येक कॅडच्या पोटात भूमितीचं एक इंजिन असतं, त्याला कर्नल म्हणतात. सॉलिडवर्क्स, एनएक्स आणि सॉलिड एज हे तिघं पॅरासॉलिडवर चालतात, जे सिमेन्सचं आहे. इन्व्हेंटर आणि फ्यूजन ऑटोडेस्कच्या शेपमॅनेजरवर, जे मुळात एसिसमधून निघालं. कॅटियाचं सीजीएम, क्रिओचं ग्रॅनाइट, आणि फुकटचं फ्रीकॅड ओपन कॅस्केडवर. फाईल एका कर्नलमधून दुसऱ्यात गेली की प्रत्येक फेस, प्रत्येक एज नव्यानं लिहावी लागती आणि दोघांचं टॉलरन्सचं गणित वेगळं असल्यामुळं कुठंतरी गळती होती. म्हणून माझा सरळ हिशोब आहे: जितक्या कमी उड्या तितकं बरं, आणि पहिली उडी कस्टमरच्या कॉम्प्युटरवरच मारून घ्यायची, कारण ओरिजनल मॉडेल त्याच्याकडं आहे, लायसन्स त्याच्याकडं आहे आणि त्याला सेव्ह ॲज करायला दोन मिनिटं लागतात. आपण इकडं रात्रभर जुगाड करीत बसायचं कारण नाही.

वाळूज, चिकलठाण्याचे बरेच छोटे जॉबवर्कवाले कस्टमरला फोन करायला लाजतात, त्याला वाटंल यांना फाईल उघडता येत नाही म्हणून. अरे, मोठमोठ्या टूलरूमवाले पण मागतात. तिकडं डिझाइनला बसलेला पोरगा कॅममध्ये कधी बसलेला नसतो, त्याला काय माहीत तुला काय लागतं. त्याला नीट शब्दात सांगायचं. नुसतं "दुसऱ्या फॉरमॅटमध्ये पाठवा" म्हणलं की तो एसटीएल नसता पीडीएफ पाठवून मोकळा होतो. मेसेज असा टाक:

"सर, प्लेटचं मॉडेल पॅरासॉलिड एक्सटी मध्ये पाठवा, एक्सपोर्ट ऑप्शनमध्ये जुनं व्हर्जन निवडा. सोबत तीच फाईल स्टेप एपी २१४ मध्ये पण द्या. युनिट एमएम. मॉडेलचं वजन किंवा व्हॉल्यूम कळवा आणि टॉलरन्सवालं टूडी ड्रॉइंग पीडीएफ द्या, रिव्हिजन नंबरसह."

एक्सटी पहिल्यांदा मागायचं कारण, कस्टमर सॉलिडवर्क्सवर आहे आणि एक्सटी म्हणजे त्याच्याच कर्नलची भाषा, त्याच्यात भाषांतर जवळजवळ होतच नाही. तुझं कॅम जर पॅरासॉलिड घेत असंल, आणि बहुतेक घेतात, तर यासारखं दुसरं काही नाही. जुनं व्हर्जन कशाला म्हणशील तर पॅरासॉलिडची पण व्हर्जनं असतात, नवीन एक्सटी जुन्या कॅममध्ये उघडत नाही, पण सॉलिडवर्क्सच्या एक्सपोर्ट ऑप्शनमध्ये व्हर्जनची लिस्ट असती तिथून खालचं निवडता येतं. नेटिव्ह सॉलिडवर्क्स फाईलचं मात्र तसं नव्हतं, वर्षानुवर्षं नवीन फाईल जुन्यात उघडायचीच नाही. २०२४ च्या व्हर्जनपासून मागच्या दोन व्हर्जनपर्यंत सेव्ह करायची सोय आली, पण तुझं कॅम त्याच्याहून जुनं असंल तर तिचा काही उपयोग नाही.

कस्टमर कॅटिया नसता क्रिओवाला असंल तर स्टेप मागायची. कॅटियाची नेटिव्ह फाईल डायरेक्ट वाचायचं ट्रान्सलेटर बऱ्याच कॅममध्ये वेगळे पैसे देऊन घ्यावं लागतं, महिन्याला एखाद्या जॉबसाठी ते परवडत नाही. स्टेप म्हणजे आयएसओ १०३०३, पहिल्यांदा १९९४ ला आलं. एपी २०३, एपी २१४ आणि २०१४ ला आलेलं एपी २४२ अशी त्याची रूपं. आकार तिघांतही व्यवस्थित येतो. २४२ मध्ये टॉलरन्स आणि जीडीॲण्डटी (आकार, जागेच्या सुटीच्या खुणा) पण मॉडेलला चिकटून येऊ शकतात, पण जुनं कॅम ते वाचत नाही आणि कधी कधी फाईलच नाकारतं, म्हणून २१४ मागितलेलं सुरक्षित. आयजीएस शेवटी. १९८० चा फॉरमॅट आहे, शेवटचं व्हर्जन ५.३ आलं १९९६ ला, त्याच्यानंतर काम थांबलं. त्याच्यात सॉलिड लिहायची सोय नंतर आली खरी, पण बहुतेक जण सुटे सरफेसच पाठवतात आणि ते आपल्याला शिवत बसावं लागतं.

फाईल हातात आली की कॅम उघडायच्या आधी नोटपॅडमध्ये उघडून बघ. हसू नको, ही सवय लावून घे. स्टेप ही साधी टेक्स्ट फाईल आहे. पहिल्याच ओळीत आयएसओ-१०३०३-२१ लिहिलेलं दिसंल, नसंल दिसत तर ती स्टेप नाहीच, कुणीतरी नुसतं एक्स्टेन्शन बदलून पाठवलंय. त्याच्याखाली फाईल नेम नावाची ओळ, तिच्यात तारीख आणि कुठल्या सॉफ्टवेअरनं बनवली ते असतं. तिथं सॉलिडवर्क्स दिसलं तर ठीक, एखाद्या कन्व्हर्टरचं नाव दिसलं तर समजायचं की मधी एक उडी झालेली आहे. फाईल स्कीमामध्ये ऑटोमोटिव्ह डिझाइन असंल तर २१४, कॉन्फिग कंट्रोल डिझाइन असंल तर २०३.

मग कंट्रोल एफ मारून सिलिंड्रिकल सरफेस शोध, स्पेस नाही तर दोन शब्दांच्या मधी अंडरस्कोअर टाकून, आणि टाइप इंग्रजीतच करायचं. ज्या ओळी सापडतील त्यांच्या शेवटी कंसात एक आकडा असतो, तो रेडियस. तुझ्या प्लेटमध्ये १२.५ दिसायला पाहिजे, म्हणजे २५ चं बोअर, ५ दिसायला पाहिजे, म्हणजे १० चे डॉवेल, आणि टॅपिंगच्या जागी ३.४ च्या आसपास. बोअर खरं सिलिंडर म्हणून आलं असंल तरच कॅम ते होल म्हणून ओळखणार. तू वेबसाइटवरून आणलेल्या फाईलमध्ये हेच शोध, एकही सापडणार नाही, प्लेन नावाच्या हजारो ओळी असतील. साइझवरून पण कळतं, अशी साधी प्लेट काहीशे केबीत बसायला पाहिजे, ती वीसेक एमबीची झाली असंल तर आत त्रिकोण भरलेत.

कधी सिलिंडरऐवजी सगळीकडं बी स्प्लाइन सरफेस दिसतात, विशेषतः आयजीएसवरून स्टेप केलेली असंल तर. दिसायला होल गोलच दिसतं, पण कॅमच्या लेखी तो एक मुक्त आकाराचा सरफेस आहे, सेंटर नाही न् व्यास नाही. आणि काही ठिकाणी, कॅटियात तर नेहमीच, एक होल दोन अर्ध्या सिलिंडरमध्ये येतं, मग ऑटो होल रेकग्निशन गोंधळतं, एक होल दोनदा मोजतं नसता मोजतच नाही. तिथं ऑटोच्या नादी लागू नको, हातानं वरची गोल एज निवडून पॉइंट दे, आठ होलाला असा कितीसा वेळ लागतो.

आता एम८ चं सांगतो, कारण यात लई जणांचे जॉब रिजेक्ट झालेले बघितलेत. थ्रेड हा मॉडेलमध्ये बहुतेक वेळा खरा कापलेला नसतो, नुसता वरून चिकटवलेला दिखावा असतो, कॉस्मेटिक थ्रेड म्हणतात त्याला. स्टेप किंवा एक्सटी केलं की तो गळून जातो आणि उरतं नुसतं होल. ते होल किती व्यासाचं उरंल हे कस्टमरच्या सॉफ्टवेअरवर आणि सेटिंगवर आहे. सॉलिडवर्क्सच्या होल विझार्डनं मारलेलं असंल तर ६.८ येतं, म्हणजे एम८ बाय १.२५ चं टॅप ड्रिल. इन्व्हेंटर डिफॉल्टला मायनर डायमीटर ठेवतं, ६.६४७. कुणी घाईत नुसतं ८ चं एक्स्ट्रूड कट मारलेलं असंल तर ८. आता कॅमवर बसलेला माणूस ६.६४७ बघून काय करंल? कुणी ६.६ चं ड्रिल मारंल आणि टॅप मोडंल, कुणी ८ बघून सरळ ८ चं ड्रिल घालून क्लिअरन्स होल करून ठेवंल. एम१० ला तेच, ८.५ का ८.३७६. म्हणून मॉडेलवरून ड्रिलचा व्यास कधी ठरवायचा नाही, मॉडेल फक्त जागा सांगतं, व्यास आणि थ्रेड ड्रॉइंगवरून. तुला पीडीएफ मागायला सांगितलं ते यासाठीच.

टॉलरन्सचं पण असंच. मॉडेलमध्ये बोअर बरोबर २५.००० असतं, ड्रॉइंगमध्ये एच७ म्हणजे शून्य ते अधिक ०.०२१. तू २५.००० ला टार्गेट केलं तर थोडं टूल घासलं की बोअर मायनसमध्ये गेलं. मधला धरून २५.०१ ला बोअरिंग हेड सेट करायचं. डॉवेलच्या १० एच७ ला शून्य ते अधिक ०.०१५, तिथं सरळ रीमर. काही डिझाइनर मॉडेलच टॉलरन्सच्या मध्यावर काढून ठेवतात आणि काही नॉमिनलवर, म्हणून एकदा मोजून बघायचं.

फाईल कॅममध्ये आली की टूलपाथला हात लावायच्या आधी तीन गोष्टी. बाउंडिंग बॉक्स, म्हणजे पार्टची बाहेरची एकूण मापं: २०० बाय १५० बाय २५ दिसला पाहिजे. ७.८७४ दिसलं तर फाईल इंचात आलीय, ५०८० दिसलं तर उलटं झालंय, ०.२ दिसलं तर मीटर. स्टेपमध्ये युनिट लिहिलेलं असतं, मिली आणि मीटर अशा शब्दांत, त्यामुळं सहसा चुकत नाही. आयजीएसमध्ये वरच्या भागात एक आकडा असतो, १ असंल तर इंच, २ असंल तर एमएम, आणि हा चुकीचा भरून पाठवणारे लोक आहेत. दुसरं, व्हॉल्यूम. तुझी प्लेट होल न धरता ७५० सीसी, ॲल्युमिनियमची घनता २.७ धरली तर दोन किलोच्या जरा वर. कस्टमरनं कळवलेलं वजन त्याच्याहून थोडं कमी असणार, आणि तुझ्याकडं बरोबर तेवढंच आलं पाहिजे. व्हॉल्यूम शून्य दाखवलं तर समजायचं की सॉलिड नाही, सुटे सरफेस आलेत, कुठंतरी फेस गायब आहे. व्हॉल्यूमचा फायदा असा की एखादा बारका पॉकेट किंवा आतला खाचा गळाला असंल तर डोळ्याला दिसत नाही पण आकड्यात पकडला जातो. तिसरं, दिशा. सॉलिडवर्क्समध्ये बरेच जण टॉप प्लेनवर स्केच काढतात आणि तिथं वाय वर असतो, आपल्या मशीनला झेड वर पाहिजे. मॉडेल फिरवून घे, पण मिरर करू नको, नसता उजव्या हाताचा जॉब डाव्या हाताचा होतो आणि अशी प्लेट पूर्ण बनून इन्स्पेक्शन टेबलवर गेल्यावरच कळतं.

फुटलेली फाईल आली, फेस गायब, एजला फट, तर दुरुस्ती करता येती पण तिला हद्द आहे. सगळ्या कॅममध्ये स्टिच किंवा हील नावाची कमांड असती, टॉलरन्स विचारती. ०.०१ पासून सुरू कर, नाही जुळलं तर ०.०५, त्याच्या वर जायचं नाही. काही जण ०.५ टाकून सगळं शिवून घेतात आणि सॉलिड झालं म्हणून खुश होतात, पण सॉफ्टवेअरनं तिथं एजा ओढून ताणून जुळवलेल्या असतात, मग फिनिशिंग पासला तिथंच टूल उचकी मारतं नसता आत घुसतं. जुन्या प्रो-ईच्या आयजीएसमध्ये हा त्रास जास्त, कारण त्याची ॲक्युरसी डिफॉल्टला रिलेटिव्ह होती, ०.००१२, म्हणजे पार्टच्या साइझशी जोडलेली. मोठ्या पार्टवरचे बारके फिलेट (गोलसर केलेल्या कडा) त्याच्यात ढिले राहायचे. अशी फाईल आली तर कस्टमरला ॲब्सोल्यूट ॲक्युरसी लावून परत एक्सपोर्ट करायला सांगायचं, आपण शिवत बसण्यापेक्षा ते केव्हाही बरं. एक दोन फेस गायब असतील तर ते हातानं पॅच करता येतात, सपाट फेस असंल तर मिनिटाचं काम. पण फिलेटच्या कोपऱ्यात तीन एजा भेटतात तिथला फेस उडाला असंल तर तो आजूबाजूचे फिलेट काढून टाकून नव्यानं मारायचा.

आता कन्व्हर्टर. फ्रीकॅड उतरवून घे, फुकट आहे, १.० व्हर्जन २०२४ च्या नोव्हेंबरात आलं. स्टेप, आयजीएस, एसटीएल सगळं उघडतं, पार्ट वर्कबेंचमध्ये चेक जॉमेट्री आहे त्याच्यात फाईल कुठं फुटलीय ते दाखवतं, आणि स्टेप म्हणून परत बाहेर काढता येतं. सॉलिडवर्क्सची नेटिव्ह फाईल मात्र ते उघडत नाही, एक्सटी पण नाही, तेवढं लक्षात ठेव. डीडब्ल्यूजीचं, म्हणजे ऑटोकॅडच्या ड्रॉइंग फाईलचं, व्हर्जन खाली आणायला ऑटोडेस्कचं डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू किंवा ओडीए फाईल कन्व्हर्टर, दोन्ही फुकट. फ्यूजन आणि ऑनशेप नेटिव्ह फाईली घेतात हे खरं, पण फ्यूजनचं फुकट लायसन्स धंद्यासाठी नाही, आणि ऑनशेपच्या फुकट प्लॅनमध्ये तुझं डॉक्युमेंट सगळ्या जगाला उघडं असतं. म्हणजे कस्टमरचं डिझाइन कुणीही बघू शकतं. त्या फुकट कन्व्हर्टर वेबसाइटांचं तेच, फाईल कुठल्या सर्व्हरवर जाती न् कोण ठेवून घेतं कुणाला माहीत. वाळूज, शेंद्र्यातल्या ऑटोवाल्यांच्या व्हेंडर करारात गोपनीयतेचं कलम असतं, आपण सही करतो आणि वाचत नाही. न रिलीज झालेल्या गाडीचा पार्ट असा बाहेर गेला तर व्हेंडर कोडच जातो.

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही एक सांगणं, नैतिकतेचं भाषण नाही, धंद्याचं. त्यात ट्रान्सलेटर मॉड्यूल बहुतेक अर्धवट असतात आणि फाईल चुकली का क्रॅक चुकलं हे शोधण्यात दिवस जातो.

एक्स्टेन्शनचा एक गोंधळ अजून. पीआरटी नावाची फाईल आली की लोक म्हणतात एनएक्सची आहे, पण क्रिओची पण पीआरटीच असती. क्रिओच्या नावापुढं बऱ्याचदा डॉट ७ किंवा डॉट २३ असा आकडा लागलेला असतो, तो सेव्हचा नंबर, विंडोजला तो कळत नाही म्हणून फाईल अनोळखी दिसती, आकडा काढून टाकला की चालतं. शंका आली की नोटपॅडमध्ये उघड, सुरुवातीला हॅश यूजीसी दिसलं तर क्रिओ. असेंब्लीची फाईल एकटी आली तर ती रिकामी डबी असती, आतले पार्ट वेगळे पाठवावे लागतात, म्हणून असेंब्ली असंल तर स्टेपच मागायची, तिच्यात बहुतेक वेळा सगळं एकात येतं. आणि फाईलचं नाव, फोल्डरचं नाव इंग्रजीत, छोटं, स्पेस न टाकता ठेव. जुनं कॅम लांबलचक पाथला आणि देवनागरी फोल्डरला अडतं, एरर मात्र असा देतं की वाटावं फाईलच खराब आहे. व्हॉट्सॲपवर मागवली तर झिप करून डॉक्युमेंट म्हणून मागव. ड्रॉइंगचा फोटो काढून पाठवणाऱ्यांना परत पाठवायला सांग, ३ आणि ८ मधला फरक फोटोत कळत नाही.

एसटीएल नेहमीच वाईट असं नाही. मूर्ती, नक्षीकाम, स्कॅन केलेला जुना पार्ट, बुटाच्या तळव्याचा साचा, असल्या वळणावळणाच्या कामाला एसटीएलवर सरळ थ्रीडी फिनिशिंग चालतं, पॉवरमिलसारखी सॉफ्टवेअरं त्रिकोणावरच टूलपाथ काढतात. फक्त कस्टमरला एक्सपोर्टच्या वेळी कॉर्ड टॉलरन्स (खरी गोलाई आणि तुकडा यातला फरक) ०.०१ च्या आत ठेवायला सांग. आर५० च्या गोलाला ०.०१ पाहिजे तर एका चक्रात दीडशेच्या वर तुकडे लागतात, डिफॉल्टमध्ये ते कितीतरी कमी येतात. आणि कॅममध्ये आर्क फिल्टर लाव म्हणजे बारक्या लाइनी जोडून जी०२ जी०३ करंल, प्रोग्रॅम बराच उतरतो.

वायरकट (तारेनं धातू कापणारी मशीन) आणि लेझरवाल्यांसाठी डीएक्सएफ या टूडी ड्रॉइंगच्या फॉरमॅटचं थोडं सांगतो, कारण तू उद्या प्रेस टूलची कामं घेणारच. डीएक्सएफ ऑटोकॅडसोबत १९८२ ला आला. जुनी वायरकट सॉफ्टवेअरं आर१२ डीएक्सएफ मागतात, आणि आर१२ मध्ये स्प्लाइन न् एलिप्स हे प्रकारच नव्हते, ते आर१३ पासून आले. म्हणून नवीन ड्रॉइंग आर१२ मध्ये सेव्ह केलं की स्प्लाइन तुटून बारक्या लाइनी होतात, पंचच्या प्रोफाइलवर त्या हाताला लागतात. आधी कॅडमध्ये स्प्लाइनच्या जागी आर्क बसवून घ्यायचे. डीडब्ल्यूजी उघडत नसंल तर परत नोटपॅड, पहिली सहा अक्षरं बघ, एसी१०१५ म्हणजे २००० चं, एसी१०२१ म्हणजे २००७, एसी१०२७ म्हणजे २०१३, एसी१०३२ म्हणजे २०१८. कस्टमरला नेमकं सांगता येतं की २००० किंवा २००४ मध्ये सेव्ह करून द्या.

उघडलं की ऑटोकॅडमध्ये ओव्हरकिल कमांड, एकावर एक बसलेल्या डबल लाइनी जातात, नसता वायर त्याच रस्त्यानं परत जाती. मग पीएडिट घेऊन मल्टिपल जॉइन, प्रोफाइल बंद होत नसंल तर कुठं फट आहे ते तिथंच कळतं. ब्लॉक असतील तर एक्स्प्लोड. झेड शून्य आहे का ते बघ, एखाद्या लाइनीचं एक टोक झेडमध्ये वर असतं आणि वरून बघताना सगळं जुळल्यासारखं दिसतं. आणि सर्वात महत्त्वाचं, डायमेन्शन टेक्स्टवर विश्वास ठेवू नको. लोक लाइन न बदलता नुसता आकडा हातानं टाइप करतात. ड्रॉइंगवर ४५ लिहिलंय आणि लाइन ४२ ची आहे असं नेहमी सापडतं, वायर तर लाइनीवर चालणार, आकड्यावर नाही. दोन तीन माप स्वतः डिस्टन्सनं मोजून बघायचे. वायरचा ऑफसेट ड्रॉइंगमध्ये टाकलेला आहे का मशीनवर टाकायचाय हे पण विचारून घे, ०.२५ ची ब्रास असो का ०.१८ ची मॉलिब्डेनम, दोन्हीकडं टाकला तर पंच बारीक निघतो.

तुझ्या प्लेटबद्दल मात्र माझं स्पष्ट मत. कस्टमरचा फोन लागत नसंल, फाईल येत नसंल आणि माल परवा द्यायचा असंल, तर कुठलीच फाईल दुरुस्त करू नको, पीडीएफ ड्रॉइंग बघून स्वतः मॉडेल काढ. एक प्लेट, एक बोअर, दहा होल, फ्रीकॅडमध्ये नवशिक्याला पण अर्ध्या दिवसात जमतं. अशा चौकोनी कामाला तर थ्रीडीची पण गरज नाही, टूडी काढून कॅममध्ये पॉइंट आणि पॉकेट दे, झालं. चिकलठाण्याला इंडो जर्मन टूल रूममध्ये कॅड कॅमचे कोर्स असतात, एखादा पोरगा तिथून शिकून आलेला मिळाला तर त्याला ठेव, मॉडेलिंगचं काम दुसऱ्याच्या हाती दिलं की तुझी मशीन थांबत नाही. मॉडेल काढलं की त्याचा स्क्रीनशॉट, बाउंडिंग बॉक्स आणि वजन कस्टमरला पाठवून ओके घ्यायचं, लेखी, व्हॉट्सॲपवर का होईना, मग मटेरियल बांधायचं. आणि कोटेशनमध्ये मॉडेलिंग चार्ज वेगळा लिही. फाईल ओपन होण्यासारखी दिली तर चार्ज नाही, असं खाली टाक. पुढच्या वेळी स्टेप न मागता येती.